वेगाची दीर्घ साधना

नागपुरातील आपल्या मनीषनगरपासून फार दूर नसलेल्या शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो आणि 701 किलोमीटरवर मुंबईनजीक संपतो. परंतु त्यावर दुचाकीस सक्त मज्जाव असल्याने आपल्या वस्तीतील मोटारसायकलवेड्या तरुणास त्या सरळ रस्त्याचा उपयोग नाही. हा मज्जाव रास्तच आहे. तथापि वेगाची ओढ स्वतः निंद्य नव्हे. तिला योग्य भूमी आणि कठोर नियम हवेत, व ही दोन्ही अमेरिकेतील युटा प्रांतात, बॉनव्हिलच्या क्षारभूमीवर, एकत्र सापडतात. हिवाळ्यात तेथे उथळ पाणी पसरते, उन्हाळ्यात ते आटते आणि मागे मिठाचा कठीण, सपाट थर उरतो.

स्वाराचा खरा प्रतिपक्ष म्हणजे हवा. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास शक्ती आठपट लागते. म्हणूनच 13 सप्टेंबर 1948 रोजी रॉली फ्री या स्वाराने, चामडी पोशाख वाऱ्याने फाटल्यावर तो उतरवून, केवळ पोहण्याच्या चड्डीवर, व्हिन्सेंट गाडीवर पालथे पडून, पाय मागे ताठ पसरून ताशी 150 मैलांची, म्हणजे सुमारे 241 किलोमीटरची, मर्यादा ओलांडली.

आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या दफ्तरी विक्रम नोंदवायचा तर मोजलेले अंतर एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना, दोन तासांच्या मुदतीत, कापावे लागते व दोहोंची सरासरी धरली जाते. वाऱ्याने जाताना दिलेला हात तो परतताना वसूल करतो. इतका न्याय्य नियम क्रीडाक्षेत्रात मला क्वचितच दिसला आहे.

माझा जीव मात्र गुंततो तो न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रोमध्ये. 1920 साली घेतलेली, जेमतेम ताशी 90 किलोमीटर धावणारी इंडियन स्काउट गाडी त्याने हयातभर सुधारली; जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतले आणि फुटलेले, वितळलेले भाग टाकून न देता, वेगदेवतेस वाहिलेले म्हणून शेडमधील फळीवर मांडून ठेवले. 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, त्याच गाडीवर त्याने बॉनव्हिलला 1000 सीसीपर्यंतच्या वर्गात ताशी 295 किलोमीटरहून अधिक वेगाचा विक्रम केला. त्या फळीवरील प्रत्येक फुटका पिस्टन मला त्या विक्रमाइतकाच मोलाचा वाटतो, कारण चार दशकांहून अधिक काळच्या चिकाटीचा हिशेब त्यावरच मांडलेला होता.

पुढे 25 सप्टेंबर 2010 रोजी रॉकी रॉबिन्सनने, सुझुकी हायाबुसाची दोन इंजिने बसवलेल्या, बाणासारख्या बंदिस्त ‘ॲक अटॅक’मधून, ताशी 605.697 किलोमीटरची सरासरी याच मिठावर गाठली. परंतु ते मीठच आता पातळ होत चालले आहे. 2014 साली पावसाच्या पाण्यामुळे व 2015 साली थराच्या दुरवस्थेमुळे तेथील वार्षिक वेगसप्ताह रद्द करावा लागला. त्याआधीच, 1997 साली, थराची झीज भरून काढण्यासाठी शेजारच्या पोटॅश कारखान्यातून खारे पाणी हिवाळ्यात त्या भूमीवर परत सोडण्याची तजवीज सुरू झाली होती.