स्लॅबआधीच सापडणारी चूक

स्लॅब भरून झाल्यावर लक्षात येतं, की एसीचा डक्ट नेमका बीममधून जातोय. मग ब्रेकर येतो, फोडाफोड होते आणि बिलावरून वाद. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्लंबिंगवाला यांचे नकाशे वेगवेगळे असले, की हे ठरलेलंच.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे ‘बिम’, या सगळ्यांना संगणकावरच्या एकाच त्रिमितीय प्रतिकृतीभोवती आणतं. त्यातल्या खांबाला त्याचं माप, काँक्रीटची ग्रेड, सगळी माहिती जोडलेली असते. खांब हलवला, की प्लॅन, सेक्शन आणि मालाचा हिशेबही बदलतो. डक्ट आणि बीमची टक्कर पडद्यावरच दिसते. वेळापत्रक जोडलं की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोने ही पाचमितीय पद्धत वापरली.

कल्पना तशी जुनी. संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी ती १९७०च्या दशकातच मांडली होती. ब्रिटनने २०११मध्ये धोरण जाहीर केलं आणि २०१६पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ‘बिम’ सक्तीचं केलं.

अडचण सॉफ्टवेअरची नाही, ते पैसे मोजून मिळतं. करार जास्त छळतात. मॉडेलमध्ये चूक निघाली तर भरपाई कोणी द्यायची, हे आधीच लिहून घ्यावं लागतं. आणि बऱ्याच साइटवर मिस्त्रीच्या हातात अजून कागदी प्रिंटच असते, तीही कधीकधी मागच्या महिन्याची.