लोहखनिजाच्या प्रदेशात मोबाइलवरचा भूनकाशा
डिचोली परिसरातील लोहखनिजयुक्त खडकांची नोंद घेताना मोबाइलमधील होकायंत्रावर विसंबणे धोक्याचे आहे. या पट्टेदार खडकांत जेथे मॅग्नेटाइट असते तेथे चुंबकसूची विचलित होते आणि मोबाइलमधील चुंबकीय संवेदकही त्याला अपवाद नाही. थराचा उतार, म्हणजेच नती, गुरुत्वाकर्षणावरून मोजली जात असल्याने ती मात्र बरोबर येते. परिणामी नकाशावर थर योग्य कोनात, पण भलत्याच दिशेला झुकलेला दिसतो. खनिज जमिनीखाली कोठवर गेले असेल, हा अंदाज मग फसतो.

क्यूफील्ड हे मुक्तस्रोत ॲप येथे उपयोगी पडते. संगणकावर क्यूजीआयएसमध्ये नकाशा व नोंदीचा तक्ता आधीच सिद्ध करावा. नती ० ते ९० अंशांतच स्वीकारली जावी आणि दिशा कशावरून घेतली, ही नोंद सक्तीची ठेवावी. (हा रकाना बहुतेक जण विसरतात.) नेटवर्क नसले तरी काम अडत नाही. शंका आल्यास त्याच थरावरील, समान उंचीचे दोन बिंदू उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने नोंदवून त्यांना जोडणारी दिशा पडताळावी. मोबाइलवरील स्थान काही मीटरने चुकू शकते, म्हणून बिंदूंत निदान १०० मीटर अंतर हवे.

सर्व नोंदी जिओपॅकेज या खुल्या रचनेच्या फायलीत राहतात. ती उघडण्यास कोणताही परवाना विकत घ्यावा लागत नाही. जांभ्याने झाकलेल्या गोव्यात मूळ खडक पुष्कळदा खाणीच्या कड्यातच उघडा दिसतो, आणि खाण पाण्याने भरली की तो पुन्हा मोजता येत नाही.