सेवेचे तास

मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्यात समाजसेवेचे ७५ तास भरल्याखेरीज सरकारी शाळेचा पदवीदाखला मिळत नाही, आणि त्या तासांवर साक्षीची सही करण्याचे काम, आमच्या रविवारच्या मराठी शाळेत लहानग्यांकडून बाराखडी गिरवून घेणाऱ्या मोठ्या मुलांपुरते, माझ्याकडे आलेले आहे. दाखल्यापुरती ही नोंद बिनतक्रार पार पडते. परंतु जिथे शंभर अर्जदारांतून चार-पाचांनाच प्रवेश मिळतो आणि गुणपत्रिका बहुतेकांची निष्कलंक असते, अशा विद्यापीठांकडे डोळे लागलेल्या मुलांच्या बाबतीत त्याच तासांना निराळे मोल चढते.

‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात शाळाबाह्य उद्योगांसाठी दहा रकाने असून प्रत्येकाच्या वर्णनाला, मोकळ्या जागा धरून, १५० अक्षरांची मर्यादा आहे. शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे मांडावे लागतात ते निराळेच. ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे १ नोव्हेंबरची पहिली मुदत तोंडावर आली असता, एक विद्यार्थिनी आपला मसुदा घेऊन माझ्यासमोर बसली होती, तेव्हा ही काटछाट कशी चालते ते मी जवळून पाहिले. आधी ‘मी’ गेला, मग उभयान्वयी अव्यये गेली, आणि जागा मोकळी होताच क्रियापदांना बढती मिळू लागली: ‘मदत केली’चे ‘संयोजन केले’ झाले, ‘संयोजन’ पुढच्या फेरीत ‘नेतृत्व’पदाला पोहोचले. खोटे एकही अक्षर नव्हते. तरीही आमच्या शाळेतली, मुलांची नाके पुसणारी ती मुलगी त्या मजकुरात मला कुठे सापडेना.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयातून २०१६ साली निघालेल्या ‘टर्निंग द टाइड’ या अहवालाने उद्योगांच्या लांबलचक याद्यांपेक्षा दीर्घकाळ निष्ठेने केलेल्या थोड्या कामाला, आणि घरच्या माणसांसाठी उचललेल्या भारालाही, महत्त्व द्यावे असे सुचविले. खुद्द अर्जातही ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा एक प्रकार निवडता येतो. पण आमच्या सुखवस्तू वस्तीत त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, मग परदेशातील आठवड्याच्या सेवासहलीसाठी, जिचा खर्च आईबाप सोसतात, कितीही खटपट करावी लागो.

या मुलीची आजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. संध्याकाळचे तिचे खाणेपिणे, व्यायाम, रुग्णालयात मराठी-इंग्रजीचे दुभाषेपण, सारे हीच करते. ते यादीत नव्हते. मी त्या प्रकाराकडे बोट दाखविले.

“काका, आजीचे तास कसे मोजायचे?” तिने विचारले.

तिची आई मात्र तत्काळ म्हणाली, “आजीचं करणं ही काय अर्जात लिहायची गोष्ट आहे?”

या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते, आणि आईचे सर्वस्वी चुकते असेही मला वाटले नाही. मुलीने थोडा हिशेब करून आठवड्याचे दहा तास, वर्षाचे ५२ आठवडे असे भरले. मात्र दहाही रकाने आधीच भरलेले असल्याने कुणाला तरी जागा सोडणे भाग होते, तेव्हा ज्या मंडळाची सभा वर्षातून दोनदाच भरत असे, त्याचे उपाध्यक्षपद तिने आईच्या देखत पुसून टाकले.