प्रमुख चढाईपटूची दुखापत आणि महाविद्यालयीन कबड्डी संघाची फेरबांधणी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

बीजशब्द : कबड्डी, चढाईपटू, गुडघ्याची दुखापत, पुनर्वसन, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा

प्रस्तावना :

विदर्भाच्या क्रीडा परंपरेत कबड्डीचे स्थान वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत हुतूतूचाही समावेश होता. पुढे १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, घाटंजी अशा तालुक्यांच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना हा खेळ विशेष जवळचा आहे. त्यास महागडे साहित्य लागत नाही आणि गावच्या मैदानावर घडलेला खेळाडू थेट महाविद्यालयाच्या संघात येऊ शकतो.

तथापि अशा संघांची एक मर्यादाही आहे. बहुतेक वेळा संपूर्ण संघ एका चढाईपटूच्या भोवती उभा असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या असताना नेमका तोच खेळाडू गुडघा धरून खाली बसला, तर संघाचे आणि त्या विद्यार्थ्याचे काय होते, हा प्रश्न क्रीडाशिक्षकांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

उद्दिष्टे :

१) प्रमुख चढाईपटूच्या अनुपस्थितीचा संघाच्या खेळावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२) गुडघ्याच्या गंभीर दुखापतीचे स्वरूप व तिच्याविषयीचे गैरसमज यांचा परामर्श घेणे.
३) प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे संघाच्या फेरबांधणीची दिशा सुचविणे.

चढाईपटूवरील अवलंबित्व :

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हातून जवळपास प्रत्येक आक्रमणाची सुरुवात होते. कबड्डीत असे एकच स्थान नियमाने ठरलेले नाही, परंतु व्यवहारात प्रमुख चढाईपटूचे महत्त्व त्याच तोलाचे असते. पुरुषांचा सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो आणि एका चढाईस जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. म्हणजेच ४० मिनिटांत एका संघाच्या वाट्यास साधारण ४० चढाया येतात. त्यांपैकी १५ ते २० चढाया एकच खेळाडू करीत असेल, तर संघाचे जवळपास निम्मे आक्रमण त्याच्या दोन पायांवर अवलंबून असते.

यात आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. चढाईपटू प्रतिपक्षाचे जितके गडी बाद करतो, तितके आपले बाद झालेले गडी पुन्हा जिवंत होतात. बोनस गुणाने मात्र कोणीही जिवंत होत नाही. त्यामुळे प्रमुख चढाईपटू गेल्याने गुण तर कमी होतातच, शिवाय मैदानावरील माणसेही कमी होतात. तीन-चार गडी उरले की लोण चढण्याची भीती निर्माण होते आणि लोणाचे दोन जादा गुण प्रतिपक्षाच्या पदरात पडतात. आधुनिक नियमांनुसार सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे बंधनकारक असते, अन्यथा चढाईपटू बाद ठरतो. ही तिसरी चढाई कोणी करावयाची, हाच अशा संघापुढील सर्वांत अवघड प्रश्न ठरतो.

सुदैवाने कबड्डीच्या नियमांतच या संकटाची तालीम दडलेली आहे. उत्तमातील उत्तम चढाईपटूही सामन्यात काही वेळा बाद होतो आणि तो जिवंत होईपर्यंत संघाला त्याच्याविना खेळावे लागते. या मिनिटांतील गुणांची स्वतंत्र नोंद क्रीडाशिक्षकाने ठेवल्यास ‘तो नसेल तर काय’ या प्रश्नाचे उत्तर दुखापतीपूर्वीच हाती येते. यासाठी एक वही आणि एक दक्ष राखीव खेळाडू पुरेसा आहे.

दुखापतीचे स्वरूप :

चढाईपटू निदान रेषेपलीकडे जाऊन वेगाने वळतो, त्या क्षणी पाय जमिनीत रोवलेला आणि धड मात्र मध्यरेषेकडे फिरलेले असते. त्याच वेळी कोपरारक्षकाने घोटा धरला किंवा मध्यरक्षकाने मांडीवर झेप घेतली, तर पिळाचा सर्व ताण गुडघ्यावर येतो. अशा वेळी ‘एसीएल’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचा संभव असतो. मांडीच्या हाडाखालून नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा स्थिर ठेवणे, हे या अस्थिबंधाचे कार्य आहे.

आपल्याकडील मैदानांचाही येथे विचार करावा लागतो. अनेक संघांचा सराव मातीवर होतो, स्पर्धा मात्र मॅटवर होते. मातीवर पाय थोडा घसरतो, त्यामुळे पिळाचा काही भाग जमिनीवरच विरून जातो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असल्याने पाय रुतून राहतो आणि शरीर फिरते. मातीवर कमावलेली वळणे मॅटवर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या दुखापतीची लक्षणे बहुधा स्पष्ट असतात. ‘कट्’ असा आवाज जाणवतो, काही तासांतच गुडघा सुजतो आणि उभे राहताना तो निसटल्यासारखा वाटतो. यानंतर घडणाऱ्या दोन चुका मात्र वारंवार आढळतात. पहिली चूक म्हणजे क्ष-किरण तपासणीवर समाधान मानणे. क्ष-किरणात हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. ‘हाड मोडलेले नाही’ या वाक्याने घरचे व संघ दोघेही निर्धास्त होतात. वस्तुतः अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाची हाताने केलेली तपासणी आणि आवश्यकतेनुसार एमआरआय यांतूनच निदान होते. दुसरी चूक म्हणजे सुजलेल्या गुडघ्याची मालीश करणे किंवा त्यास शेक देणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत यामुळे सूज व रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. अशा वेळी खेळ थांबवावा, गुडघ्यास दाबपट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा आणि वेदना कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा थोडा वेळ उपयोग करावा.

सर्वांत फसवा काळ यानंतर येतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, विद्यार्थी चालू लागतो, सरळ रेषेत धावूही शकतो. स्पर्धा आठ दिवसांवर असते आणि तो स्वतःच ‘सर, मी खेळतो’ असे म्हणू लागतो. पण कबड्डी सरळ रेषेत खेळली जात नाही. पहिल्याच वळणावर तो गुडघा पुन्हा निसटू शकतो आणि मग अस्थिबंधासोबत गुडघ्यातील कूर्चेची गादीही फाटण्याचा धोका असतो. या गादीचे नुकसान झाल्यास पुढील आयुष्यात सांध्याची झीज लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते. शेतीवर पोट असलेल्या घरातील तरुणाला त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

पुनर्वसनाचा कालावधी :

पूर्ण तुटलेला हा अस्थिबंध सहसा आपोआप पूर्ववत होत नाही. वळणे, उड्या व अंगावरची झटापट असणाऱ्या खेळात परतावयाचे असल्यास बहुधा शस्त्रक्रियेद्वारे शरीरातीलच स्नायुबंधाचा तुकडा वापरून त्याची पुनर्रचना केली जाते. ही शस्त्रक्रिया सामान्यतः सूज उतरून गुडघ्याची हालचाल परत आल्यावर करतात. त्यानंतरचा व्यायाम हा उपचाराचाच अविभाज्य भाग आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो येथील अभ्यासात असे दिसून आले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबविले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. केवळ दिनदर्शिका पाहूनही चालत नाही. दुखावलेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाली आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की ऑगस्टमध्ये जखमी झालेला खेळाडू त्या हंगामापुरता संघाबाहेर गेला, हे पहिल्याच आठवड्यात स्वीकारले पाहिजे. हा स्वीकार जितका लवकर, तितका संघाला तयारीस अधिक वेळ मिळतो आणि विद्यार्थ्यावरील दडपणही कमी होते.

काही उदाहरणे :

१) तमिळ थलैवाज, २०२२ : प्रो कबड्डी लीगच्या नवव्या हंगामासाठी या संघाने पवन सेहरावत याला २ कोटी २६ लाख रुपयांत घेतले. ऑक्टोबर २०२२ मधील पहिल्याच सामन्यात पकडीच्या प्रयत्नात त्याच्या गुडघ्यास दुखापत झाली आणि तो संपूर्ण हंगामास मुकला. सुरुवातीच्या सामन्यांत संघ चाचपडला. मात्र नवोदित नरेंदर याने हंगामात चढाईचे २४३ गुण मिळविले, महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारने त्यास साथ दिली आणि प्रशिक्षक अशन कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे पुणेरी पलटणने त्यांचा ३९-३७ असा निसटता पराभव केला. पवनने पुरेशी विश्रांती घेतली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघाचा कर्णधार होता.

२) पुणेरी पलटण, २०२४ : अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली या संघाने मार्च २०२४ मध्ये दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळविले. अकराव्या हंगामात इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला आणि गतविजेत्या संघाला बाद फेरीही गाठता आली नाही. उत्तम संघातही अशी पोकळी भरून निघेलच असे नाही, हे यावरून दिसते. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला.

३) ओहायो स्टेट विद्यापीठ, २०१४ : अमेरिकेतील या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगामाच्या सुमारे बारा दिवस आधी खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटसह संघ दुसराच सामना हरला, पण पुढे जिंकत राहिला. नोव्हेंबरअखेर बॅरेटचाही घोटा मोडला. तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने परिषदेच्या अंतिम सामन्यात ५९-० असा विजय मिळवून दिला आणि जानेवारी २०१५ मध्ये ऑरेगनचा ४२-२० असा पराभव करून संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

या तिन्ही उदाहरणांतील साधनसामग्री आपल्या महाविद्यालयांकडे नाही, हे मान्य करूनही एक सूत्र हाती लागते. जेथे दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आधीपासून त्याच पद्धतीने घडविला गेला आणि आरंभीचे पराभव पचविण्याचा संयम दाखविला गेला, तेथे संघ सावरण्याची शक्यता वाढली.

यवतमाळ जिल्ह्यातील संघांसाठी विचार :

आपल्याकडे पर्यायी ‘तारा’ शोधण्यापेक्षा चढायांचे वाटप करणे अधिक व्यवहार्य आहे. प्रतिपक्षाचे सहा किंवा सात गडी मैदानात असताना बोनस गुण उपलब्ध असतो. अशा वेळी उंच, लांब पायाच्या खेळाडूने बोनससाठी चढाई करावी. तिसरी चढाई दोघांत आलटून-पालटून द्यावी. बचाव सक्षम करावा, कारण यशस्वी पकडीनेही आपला एक गडी जिवंत होतो, तर तीन किंवा त्यांहून कमी गड्यांनी केलेल्या अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. संथ खेळून प्रतिपक्षाला तिसऱ्या चढाईवर आणणे आणि तेथे साखळीने पकडणे, ही दुर्बळ आक्रमणाच्या संघाची प्रभावी नीती होय.

दुखापत टाळण्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. नॉर्वेतील १२५ क्लबांमधील मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २० मिनिटांच्या शास्त्रशुद्ध पूर्वव्यायामाने गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. एका पायावर तोल साधणे, उडी मारून गुडघा आत न वळविता उतरणे, मांडीच्या मागील स्नायूंचे व्यायाम या बाबींना कोणतेही साहित्य लागत नाही.

जिल्ह्याचे ऋतुमानही विसरता येणार नाही. स्पर्धांचा काळ आणि सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी यांचा काळ एकमेकांत मिसळतो. दिवसभर शेतात राबून सायंकाळी सरावास येणारा विद्यार्थी थकलेला असतो आणि थकलेल्या स्नायूंकडून गुडघ्याचे रक्षण नीट होत नाही. शिवाय तोच खेळाडू गावोगावच्या खुल्या सामन्यांतही बक्षिसासाठी उतरतो. हा भार शिक्षकाला ठाऊक असावयास हवा.

शेवटी प्रश्न विद्यार्थ्याचा आहे. राज्य शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे अनेक घरांत कबड्डीकडे नोकरीची वाट म्हणून पाहिले जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची मर्यादा २५ वर्षे असल्याने एक हंगाम गेल्याचे दुःख मोठे असते. परंतु एक हंगाम गेला तर पुढचा उरतो, गुडघाच गेला तर काहीच उरत नाही. जखमी खेळाडूस घरी पाठवून विसरून न जाता त्याच्याकडे गुणनोंद, प्रतिपक्षाचे निरीक्षण व नव्या चढाईपटूंचे मार्गदर्शन सोपविल्यास तो संघातच राहतो आणि त्याचे ज्ञान संघाला मिळते.

निष्कर्ष व सूचना :

१) प्रत्येक सामन्यात प्रमुख चढाईपटू बाद असतानाच्या गुणांची स्वतंत्र नोंद ठेवावी.
२) किमान तीन चढाईपटूंना सरावात समान संधी द्यावी.
३) गुडघा सुजल्यास क्ष-किरणावर न थांबता अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. त्यासाठी महाविद्यालयाच्या क्रीडानिधीत तरतूद असावी.
४) मातीवरून मॅटवर जाताना वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा.
५) दुखापतीनंतर खेळण्याची परवानगी वैद्यकीय तपासणीअंतीच द्यावी. खेळाडूचा आग्रह, पालकांची अपेक्षा अथवा संस्थेची प्रतिष्ठा यांपैकी कोणतेही कारण त्यास पर्याय ठरू नये.

चषक महाविद्यालयाच्या कपाटात राहतो, गुडघा मात्र विद्यार्थ्याबरोबर घरी जातो. हा विचार क्रीडाशिक्षकाने मनाशी बाळगल्यास अशा प्रसंगी कोणता निर्णय घ्यावा, याविषयी संभ्रम उरणार नाही.