तबकडी संपते तिथं...

ऑपेरा हाऊस म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गिरगावाजवळचा तो नाका येतो, ऑपेरा येत नाही. त्या वास्तूत बालगंधर्वांची नाटकं झाली, पुढे तिथं सिनेमे लागले, आणि २०१६ साली डागडुजी होऊन ती पुन्हा उघडली. पण रंगमंचावर खराखुरा ऑपेरा पाहिलेली माणसं आपल्याकडे तशी थोडीच. तरीही ऑपेरातली दोन-चार गाणी आपल्या कानांवरून हमखास गेलेली असतात. कधी फुटबॉलच्या सामन्याआधी, कधी सिनेमात, कधी एखाद्या जाहिरातीत. ती आपल्यापर्यंत आली रेकॉर्डवरून, आणि आज मला बोलायचं आहे ते या रेकॉर्डविषयीच.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधून मधून पद म्हणतात. ऑपेरात मात्र बहुधा बोलणंसुद्धा गाऊनच होतं आणि वाद्यवृंद सतत सोबत असतो. या गात्या संवादांत एखादं पात्र थांबतं आणि मनातलं सगळं एका गाण्यात मोकळं करतं, ती आरिया. तेच काम गावकरी, सैनिक, कैदी असा जमाव करतो, तेव्हा तो कोरस. जुन्या ऑपेरांत आरिया स्वतंत्र उठून दिसायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन संगीतकारांनी हे सांधे बुजवून टाकले. आरिया कुठं संपली आणि पुढचा प्रसंग कुठं सुरू झाला, हे कळू नये अशी रचना ते करू लागले. आणि नेमक्या त्याच सुमारास तबकडी आली. तिला तर तीन-चार मिनिटांचाच तुकडा हवा होता.

म्हणून मला एक सवय लागली आहे. आवडती आरिया संपली की मी संहिता उघडतो आणि पुढच्या ओळीला काय होतं ते बघतो. तुम्हीही करून पाहा. ओळखीचं गाणं एकदम निराळं ऐकू येतं.

सुरुवात एन्रिको कारूसोपासूनच करायला हवी. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या ग्रँड हॉटेलात या नेपल्सच्या तरुण गायकानं कर्ण्यापुढे उभं राहून दहा गाणी म्हटली. साथीला फक्त पियानो. ध्वनिमुद्रण करणारा होता फ्रेड गायझबर्ग. कारूसोनं शंभर पौंड मागितले, तेव्हा लंडनच्या कचेरीला ती रक्कम भलतीच वाटली आणि तिनं नकार कळवला. गायझबर्गनं तो मनावर घेतला नाही. पुढे या तबकड्यांनी किती कमाई करून दिली ते सांगायला नकोच. याच हॉटेलात सव्वा वर्षापूर्वी संगीतकार व्हेर्दी वारला होता. आणि हाच गायझबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला आला नि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. म्हणजे इटालियन ऑपेरा आणि हिंदुस्थानी गाणं ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून, एकाच वर्षी मेणावर उतरली.

मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालायचं आणि वरचा स्वर लागला की मागं सरायचं, नाहीतर सुई उसळायची. व्हायोलिनचा आवाज पकडला जात नसे, म्हणून पत्र्याचा कर्णा लावलेली खास व्हायोलिनं केली. मंद्रातल्या तंतुवाद्यांच्या जागी ट्यूबा वाजवायचे. मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण आलं ते १९२५ साली. तोवरच्या रेकॉर्डी ऐकताना वाद्यवृंद डबक्यात बसून वाजवतोय असं वाटतं, पण कारूसोचा भरदार आवाज त्यातूनही थेट तुमच्यापुढे येतो. कर्ण्याला असेच आवाज मानवत.

लेओन्काव्हाल्लोच्या 'पाल्याची'मधली 'वेस्ती ला ज्युब्बा' ही त्याची गाजलेली आरिया. त्यानं ती तीन वेळा मुद्रित केली. १९०२ आणि १९०४ मध्ये पियानोवर, आणि १९०७ मध्ये वाद्यवृंदासह. ही तिसरी ऐका. कानिओ हा गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीचा मालक आणि विदूषक. बायकोचं दुसऱ्या कुणाशी प्रेम जमल्याचं त्याला नुकतंच कळलंय, आणि प्रेक्षक तर यायला लागलेत. तोंडाला रंग लावून हसवायला उभं राहायचं आहे. कारूसो त्यात जे कडवट हसतो आणि शेवटी ज्या हुंदक्यानं आवाज मोडतो, त्याची नक्कल पुढच्या दोन पिढ्यांनी केली. (काहींनी फक्त हुंदकाच उचलला, गाणं तिथंच ठेवलं.) रेकॉर्ड इथं संपते. नाटकात मात्र तो पडदा सारून आत जातो, आणि पुढच्या अंकात त्याच रंगवलेल्या चेहऱ्यानं, भर प्रयोगात, बायकोला आणि तिच्या प्रियकराला भोसकतो. समोरच्या गावकऱ्यांना आधी ते नाटकच वाटतं. हे माहीत झालं की त्या हुंदक्याची कीव येत नाही, भीती वाटते.

१९४८ साली लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि सबंध ऑपेरा तीन-चार तबकड्यांत बसू लागला. आता कात्री लावायची गरज उरली नव्हती. या काळातलं सगळ्यात नावाजलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे ऑगस्ट १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात केलेलं पुच्चिनीचं 'तोस्का'. मारिया कालास, ज्युसेप्पे दी स्तेफानो, तितो गोब्बी. संचालक व्हिक्तोर दे साबाता, आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रं वॉल्टर लेग या अतिशय चिकित्सक निर्मात्याच्या हाती. स्टिरिओ नाही, साधं मोनो. तरीही सत्तर वर्षं उलटली तरी नवं 'तोस्का' आलं की लोक आधी त्याची या जुन्याशी तुलना करतात. मीही करतो.

यातली 'विस्सी दार्ते' ही आरिया ज्यांनी सुटी ऐकली असेल, त्यांना ती एक सुंदर, आर्जवी प्रार्थना वाटते. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग देवा, माझ्या वाट्याला हे का, असा तिचा आशय. आता प्रसंग बघा. रोममधला पोलीसप्रमुख स्कार्पिया आपल्या जेवणाच्या दालनात बसलाय. शेजारच्या खोलीत तोस्काच्या प्रियकराचा छळ करून झालेला आहे. त्याचा जीव वाचवायचा तर तोस्कानं स्वतःला स्कार्पियाच्या हवाली करायचं, असा सौदा समोर आहे. बाहेर ढोल वाजताहेत. फाशी जाणाऱ्या कैद्यांना घेऊन निघालेल्या शिपायांचे ते ढोल, आणि स्कार्पिया ते तिला मुद्दाम ऐकवतो. त्यानंतर ती गाते.

कालास ही आरिया जवळजवळ स्वतःशीच पुटपुटल्यासारखी सुरू करते. आवाज देखणा ठेवायची तिला घाई नाही. मधे 'का' हा प्रश्न येतो तेव्हा स्वर चढतो, आणि शेवटाकडे तो स्वर सोडताना त्यात किंचित खरखर येते. कुणी म्हणेल, हा गळ्याचा दोष. मला तो या बाईच्या अवस्थेचा आवाज वाटतो. रेनाता तेबाल्दीचा गळा याहून कितीतरी गोड होता, तिची 'विस्सी दार्ते' जरूर ऐका. पण ती ऐकताना मला गायिका दिसते, आणि कालास ऐकताना तो दिवाणखाना दिसतो.

आणि आरिया संपल्यावर? सुट्या रेकॉर्डवर शांतता. नाट्यगृहात टाळ्या. संहितेत स्कार्पियाचा एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ, 'काय ते ठरव'. या ध्वनिमुद्रणात गोब्बी तो शब्द टाकतो, तेव्हा त्या प्रार्थनेचं त्याच्या लेखी काय मोल होतं ते कळतं. गोब्बीकडून पहिल्या अंकातल्या जागा तीस-तीस वेळा गाऊन घेतल्याचं लेगनं लिहून ठेवलंय, एकेका अक्षराचा रंग बदलत. त्या मेहनतीचं फळ अशा एका शब्दात ऐकू येतं.

आता कोरसकडे वळू. इटलीत एक कोरस असा आहे की तो सुरू झाला की माणसं नकळत उभी राहतात. व्हेर्दीच्या 'नाबुक्को'मधला 'वा पेन्सिएरो'. या ऑपेराचा पहिला प्रयोग ९ मार्च १८४२ रोजी ला स्कालामध्ये झाला. त्याआधीच्या चार वर्षांत व्हेर्दीची दोन्ही मुलं आणि पत्नी वारली होती. बॅबिलॉनमध्ये गुलाम म्हणून आणलेले ज्यू युफ्रेटिसच्या काठी बसून मायभूमीची आठवण काढतात, एवढाच प्रसंग. गंमत अशी की आपण 'कोरस' म्हटलं की चार वेगवेगळ्या आवाजांची गुंफण समजतो. इथं बराच काळ सगळे एकच चाल गातात, आपण आरती म्हणतो तसं. मधे एकदा आवाज फुटून चहूकडे पसरतात, आणि शेवट अगदी हळू, विरत जाणारा. ज्याला गाता येत नाही त्यालाही ही चाल गाता येते. तिच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण मला यातच दिसतं.

पहिल्याच रात्री याला वन्समोअर मिळाला आणि ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या मिलानकरांनी यात आपलं दुःख ओळखलं, अशी कथा शे-सव्वाशे वर्षं सांगितली गेली. रॉजर पार्कर या ब्रिटिश अभ्यासकानं त्या वेळची वर्तमानपत्रं तपासून दाखवलं की वन्समोअर मिळाला तो ऑपेराच्या शेवटाकडच्या दुसऱ्याच कोरसला. मग 'वा पेन्सिएरो' राष्ट्राचं गाणं झालं कधी? हळूहळू, बरंचसं देश एक झाल्यानंतर. फेब्रुवारी १९०१ मध्ये व्हेर्दीची शवपेटी मिलानमधल्या त्याच्या शेवटच्या जागी नेताना सुमारे आठशे गायकांनी हा कोरस म्हटला. संचालक होता तेहतीस वर्षांचा आर्तुरो तोस्कानिनी.

हाच तोस्कानिनी पुढे फॅसिस्टांचं गीत वाजवायला तयार झाला नाही. त्यासाठी १९३१ मध्ये बोलोन्याला त्याला मारहाण झाली, आणि मुसोलिनीच्या राजवटीत त्यानं पुन्हा इटलीत वाद्यवृंद हाती घेतला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात ला स्कालाचं छप्पर कोसळलं. ते पुन्हा बांधून झालं तेव्हा, ११ मे १९४६ रोजी, एकोणऐंशी वर्षांचा तोस्कानिनी तिथं उभा राहिला. कार्यक्रमात 'वा पेन्सिएरो' होतंच. आत जागा नव्हती, म्हणून चौकांत ध्वनिक्षेपक लावले होते. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज बेताचाच आहे. स्टुडिओतलं घोटीव मुद्रण हवं असेल तर लाम्बेर्तो गार्देल्लीनं व्हिएन्नात केलेलं १९६५ चं सबंध 'नाबुक्को' घ्या. मी दोन्ही ठेवतो, पण आधी १९४६ चंच लावतो.

आणि इथंही तबकडी संपते तिथं नाटक संपत नाही. कोरस विरतो न विरतो तोच धर्मगुरू झकारिया येतो आणि या रडणाऱ्यांना झापतो. भेकडासारखे रडत काय बसलात, उठा! ज्या हळव्या आठवणीवर आपण डोळे टिपतो, तिच्याविषयी ऑपेराचं स्वतःचं मत हे असं आहे. मार्च २०११ मध्ये, इटलीच्या एकीकरणाला दीडशे वर्षं होत असताना, रोमच्या प्रयोगात संचालक रिकार्दो मूती यानं वन्समोअर देण्याआधी वळून प्रेक्षकांना दोन शब्द सुनावले. सरकार कलांचा पैसा कापत होतं, त्याविषयी. मग सगळ्या नाट्यगृहाकडून त्यानं हा कोरस गाऊन घेतला. झकारियाचं काम त्या रात्री त्यानंच केलं म्हणायचं.

शेवटी ती फुटबॉलवाली आरिया, पुच्चिनीच्या 'तुरान्दोत'मधली 'नेस्सुन दोर्मा'. पुच्चिनी नोव्हेंबर १९२४ मध्ये गेला तेव्हा हा ऑपेरा अपुरा होता. फ्रांको आल्फानोनं तो पुरा केला आणि २५ एप्रिल १९२६ रोजी पहिला प्रयोग झाला. संचालक पुन्हा तोस्कानिनी. पुच्चिनीनं जिथवर लिहिलं होतं तिथं त्यानं त्या रात्री छडी खाली ठेवली.

जगानं ऐकली ती आरिया लुचियानो पाव्हारोत्तीच्या आवाजात, १९७२ साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये मुद्रित झालेली. संचालक आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. जोन सदरलँड तुरान्दोत आणि मोन्सेरात काबाय्ये ल्यू. गंमत म्हणजे सदरलँडनं ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, आणि पाव्हारोत्तीनं कालाफ पहिल्यांदा रंगवला तो पाच वर्षांनी. रेकॉर्डपुरतीच जमलेली मंडळी, पण जमली अशी की बस्स! १९९० च्या विश्वचषकासाठी बीबीसीनं यातलीच 'नेस्सुन दोर्मा' घेतली आणि ती इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

स्टेडियमला त्यातला 'मी जिंकेन' एवढाच भाग भावला. प्रत्यक्षात कालाफनं राजकन्येला पैज घातली आहे की पहाटेपर्यंत माझं नाव शोधून काढ. तिनं फर्मान काढलंय की नाव कळेपर्यंत नगरीत कुणी झोपायचं नाही, नाहीतर देहदंड. आरियाच्या मध्यावर दुरून बायकांचे अगदी मंद आवाज येतात, ते नीट ऐका. त्या म्हणताहेत की त्याचं नाव कुणालाच कळणार नाही आणि आपल्याला मरावं लागणार. त्यांच्यानंतर लगेच कालाफचा विजयघोष. शेवटचा तो उंच स्वर पुच्चिनीनं अगदी निसटता लिहिलाय, लांबवतात ते गायक. आणि ऑपेरात या आरियाला शेवटच नाही. वाद्यवृंद न थांबता पुढे जातो, राजाचे तीन मंत्री घुसतात आणि जीव वाचवायला कालाफच्या विनवण्या करू लागतात. मैफलीत ऐकू येतो तो ठसठशीत शेवट मागाहून जोडलेला.

तेव्हा मेहतांचं हे ध्वनिमुद्रण मिळालं तर आरियापाशी सुई ठेवू नका. तिसरा अंक पहिल्यापासून लावा. आधी दवंडीवाल्यांच्या आरोळ्या येतील, मग त्या बायका, मग मंत्री, आणि थोड्या वेळानं ल्यू ही दासी. कालाफचं नाव ठाऊक असलेली तीच एक मुलगी. ते सांगायला लागू नये म्हणून ती स्वतःला संपवते, आणि त्या वेळी काबाय्ये ज्या हळू आवाजात गाते तो ऐकायला पंखा बंद करावा लागतो.