छंद असा, जो संकटात कामाला येतो

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मुडबी-बसवकल्याण भागातली चाळिशी ओलांडलेली माणसे अजून विसरलेली नाहीत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली. उमरग्यापलीकडे किल्लारी-सास्तूर परिसरात जवळपास दहा हजार माणसे गेली. लेक तिकडे दिलेली, बहीण तिकडे नांदणारी. पण खुशाली विचारायची कशी? त्या काळात परवानाधारक हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन मदतीला धावले. त्यांना ‘हॅम’ म्हणतात.

पुढे २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या छंदासाठीच तिथे गेल्या होत्या. नेहमीचे संपर्क तुटल्यावर त्यांच्याच संचावरून निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग हे कशाला, असे कोणीही विचारेल. पण मोबाईलला टॉवर लागतो आणि टॉवरला वीज. हॅमचा संच थेट दुसऱ्या संचाशी बोलतो. मात्र संकट आल्यावर संच विकत आणून भागत नाही. तयारी आधीची हवी.

पहिली तयारी परवान्याची. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही केंद्र सरकारची परीक्षा देता येते. खालच्या श्रेणीला मोर्सची कडकट्ट यावी लागत नाही. परवाना हाती यायला वेळ लागतो, म्हणून घाई आधीच करावी. स्वस्तातला हातसंच मागवून परवान्याशिवाय बोलणे हा गुन्हा आहे. बीदरकरांना हैदराबाद जवळच. तिथली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था १९८३ पासून हे काम करते.

दुसरी तयारी तारेची. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी दहा-दहा मीटरच्या दोन तारा पुरतात. एक टोक माळवदावर, दुसरे लिंबाच्या झाडाला. विजेच्या तारांपासून मात्र ती लांबच हवी. वळिवाचे ढग दिसले की तार संचातून काढून घराबाहेर टाकावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

तिसरी तयारी बॅटरीची. शंभर वॅटचा संच ऐकताना साधारण एक अँपिअर घेतो, बोलताना वीसच्या आसपास. म्हणून ऐकावे जास्त, बोलावे थोडके. ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी असली की दिवे गेले तरी काम चालते. शेजारच्या टीव्हीत खरखर आली, तर वाद न घालता शक्ती कमी करावी.

या रेडिओवर धंद्याचे, जाहिरातीचे किंवा सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. कोणीही ऐकू शकतो, हे धरूनच बोलायचे.

खाजगी बोलण्यासाठी काही हौशी मंडळी जुन्या संगणकावर घरचाच चॅट सर्व्हर चालवतात. राउटरच्या टप्प्यात इंटरनेट नसतानाही निरोप जातात. शाळेला किंवा वाड्याला हे सोयीचे. पण इथेही बॅटरी लागतेच. हार्डडिस्क बसली तर सारे निरोप जातात, म्हणून दुसरी प्रत ठेवावी. शिवाय दहा घरांचे बोलणे तुमच्या घरात साठते. ते उघडून न वाचण्याचा भरवसा हवा, तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आईवडिलांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी जुना रेडिओ खोलून बसली तर रागावू नका. येत्या सुटीत परीक्षेचे पुस्तक आणून द्या. परवाना मिळाला की आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून संच लावायला सांगा. हात बसलेला असेल, तरच वेळेला उमरग्याची खुशाली मुडबीला कळेल.