फाटकापाशी थांबलेले यात्रेकरू

आज आपण एका रेल्वे फाटकापासून सुरुवात करू. टोकियोच्या दक्षिणेला कामाकुरा नावाचं जुनं शहर आहे. तिथून फुजिसावापर्यंत एनोदेन ही छोटी रेल्वे धावते, सगळी मिळून १० किलोमीटरची. वाटेत 'कामाकुरा-कोको-माए' नावाचं स्थानक लागतं, म्हणजे शब्दशः 'कामाकुरा हायस्कूलसमोर'. स्थानकाजवळच उताराचा रस्ता, खाली फाटक आणि फाटकापलीकडे थेट समुद्र. १९९३ साली टीव्हीवर सुरू झालेल्या 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या ॲनिमेच्या शीर्षकगीतात हे फाटक दिसतं. दृश्य काही सेकंदांचंच. तरी आज तैवान, कोरिया, चीनमधून माणसं ते बघायला येतात.

जपानीत याला म्हणतात 'सेइची जुनरेइ', पवित्र स्थळांची यात्रा. मंदिरांच्या यात्रेचाच हा शब्द चाहत्यांनी आधी गमतीनं उचलला, मग तो रुळला. २०१६ मध्ये ॲनिमे पर्यटनासाठी एक संघटना निघाली, तिनं स्थळांची संख्या ठरवली ८८. का? तर शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची प्रसिद्ध यात्रा आहे. आपल्याकडे आठ म्हटलं की जसे अष्टविनायक आठवतात, तसंच हे.

आता प्रश्न असा, की चित्रातली जागा प्रत्यक्षात इतकी जुळते कशी? कारण बरेच स्टुडिओ आधी त्या जागी जाऊन ढिगानं फोटो काढतात आणि त्यावरून पार्श्वभूमी रंगवतात. विजेचे खांब, तारा, पायऱ्यांचे कठडे, सगळं त्यात येतं. २०१६ च्या 'युअर नेम' चित्रपटाच्या शेवटी दिसणारा जिना टोकियोत योत्सुयाजवळ सुगा मंदिरापाशी आहे. चाहते मोबाइलवर ते दृश्य उघडून नेमक्या त्याच कोनातून फोटो घेतात. खरं तर साधा जिना, आणि आजूबाजूला लोकांची घरं.

इथंच गोम आहे. यात्रेकरूसाठी जे क्षेत्र, ते दुसऱ्या कुणासाठी रोजचं दळण आणायचा रस्ता. (दळण जपानात कुठलं, पण अर्थ लक्षात आला असेल!) कामाकुराच्या फाटकाशी लोक फोटोसाठी भर रस्त्यात उभे राहतात, गाड्या अडतात, कुणी खाजगी आवारात शिरतं. शेवटी रखवालदार नेमावे लागले. आलेला माणूस फोटो काढतो आणि पुढच्या गाडीनं निघून जातो. ज्यांच्या दारात हे चालतं त्यांच्या हाती फक्त गोंगाट.

याच्या उलट उदाहरण आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, ते सायतामा प्रांतातल्या वाशिनोमिया मंदिराचं. २००७ च्या 'लकी स्टार' मालिकेत दोन जुळ्या बहिणींचं घर या मंदिरावरून घेतलंय. चाहते यायला लागले, नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर त्या मुलींची चित्रं काढून टांगायला लागले. साहजिकच गाव आधी बिचकलं. पण तिथल्या व्यापारी मंडळाच्या माणसांनी एक साधी गोष्ट केली : आलेल्यांना गाठून विचारलं, की तुम्हाला इथं काय हवंय? मग त्या पाटीच्या आकाराच्या मोबाइलच्या दोऱ्या बनवल्या आणि त्या गावातल्या वेगवेगळ्या दुकानांत विकायला ठेवल्या. सगळ्या जमवायच्या तर गावभर हिंडणं आलं, दुकानदाराशी दोन शब्द बोलणं आलं. वाण्याला गिऱ्हाईक मिळालं, पाहुण्याला ओळख.

आकडे बघा. नववर्षाला या मंदिरात पूर्वी लाखाच्या आसपास माणसं यायची. २००८ मध्ये ३ लाख आली, २०११ मध्ये ४ लाख ७० हजार. एवढी गर्दी कामाकुराच्या त्या उतारावर आली असती तर काय झालं असतं, कल्पना करा! अर्थात मंदिराला गर्दीची सवय असते, फाटकाला नसते. ही तुलना थोडी अन्यायाचीच आहे, हे आम्हाला कबूल आहे.

२००८ च्या सप्टेंबरात, मालिका संपून वर्ष होत आलं होतं तेव्हा, वाशिनोमियाच्या उत्सवात परंपरेच्या पालखीबरोबर 'लकी स्टार'चीही पालखी निघाली. ती खांद्यावर घ्यायला गावानं चाहत्यांना बोलावलं होतं.